चार अक्षरं आणि बेलची वायर

सांगली,
१४ जुलै

प्रिय अम्या,

तुझा रविवारचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकदा दुकानात, एकदा घरी, आणि एकदा वैशालीला ऐकवायला म्हणून. बोलून उत्तर द्यायला गेलं की मध्येच कुणीतरी "चार्जिंगची पिन बसवून मिळंल का" म्हणत काउंटरवर येतं आणि बोलणं तुटतं. म्हणून आज शटर अर्धं ओढून लिहायलाच बसलोय. पाऊस लागून राहिलाय. कृष्णेचं पाणी गढूळ झालंय, पण काळजीसारखं अजून काही नाही. आयर्विन पुलावर पाणी बघायला लोक जमायला लागलेत, म्हणजे पावसाळा रीतसर सुरू झाला म्हणायचा.

आता मुद्द्याचं. बारा वर्षं तू त्या कंपनीत गिऱ्हाइकांनी परत केलेले इअरफोन आणि घड्याळं उघडून बघतोयस. आता नव्या वस्तू काढणाऱ्या टीमने तुला बोलावलंय आणि तू नाही म्हणायच्या बेतात आहेस. का, तर ट्रेनिंगमध्ये स्वभाव ओळखायची एक चाचणी झाली, मायर्स-ब्रिग्ज नावाची, तिने तुला आय-एस-एफ-जे अशी चार अक्षरं दिली आणि त्यांचा अर्थ निघाला 'सांभाळणारा'. "राज्या, मी शोध लावणाऱ्यातला नाहीच मुळात. कळलं ते बरं झालं," असं म्हणालास. आवाजावरून तुला खरंच बरं वाटत होतं, ओझं उतरल्यासारखं. मला तेच खटकलं.

लिंक उघडून मीही चाचणी दिली. "पार्टीहून परतल्यावर उत्साह वाटतो की थकवा?" आता मी कुठल्या पार्टीला जातोय? परवा एका बारशाला गेलो होतो, तिथून थकून आलो, पण ते पंगतीत वाढून वाढून. "निर्णय डोक्याने घेता की मनाने?" दुरुस्तीला आलेला बोर्ड डोक्याने बघतो, पैसे किती घ्यायचे ते समोरच्याचं तोंड बघून ठरवतो. कुठं टिक करू? मंगळवारी एक निकाल आला. शुक्रवारी, माझ्याच हातून एक बोर्ड जळाल्यावर, पुन्हा दिली तर एक अक्षर बदललेलं. ही काही माझीच तऱ्हा नाही. पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर फिरतं, ही या पद्धतीवरची जुनी तक्रार आहे. एकेक अक्षर म्हणजे दोन टोकांतलं एक, अबोल की बोलका असं. पण माणसं बहुतेक दोन टोकांना नसतातच, मधल्या पट्ट्यात कुठंतरी असतात, आणि चाचणी त्या पट्ट्यातूनच रेघ ओढते. ३५ ला पास, ३४ ला नापास. मला दहावीच्या सहामाहीला गणितात ३४ होते आणि तुला ३६, आठवतंय? तुला माझ्यापेक्षा किती जास्त गणित येत होतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

मग दोन रात्री या अक्षरांचं मूळ शोधत बसलो. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकी. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नाही. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वभावप्रकारांवर १९२१ मध्ये ग्रंथ लिहिला, आई त्याने झपाटून गेली. पुढं दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत यायला लागल्या, तेव्हा कुणाला कुठलं काम मानवेल हे ज्याचं त्याला कळावं म्हणून मुलीने प्रश्नावली बांधायला घेतली. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. ही मुलगी त्याआधी रहस्यकथा लिहायची, हे वाचून मात्र मला मजा वाटली. शेवटच्या पानावर प्रत्येकाचा खरा चेहरा उघड व्हायलाच पाहिजे, ही सवय तिथली असेल. आणि हे तुझ्या ट्रेनिंगवाल्यांना विचार: या चाचणीचं काम पुढं चालवणारी जी त्यांची संस्था आहे, तीच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका. त्यांनी तुला निवडायला वापरली नाही हे खरं. तूच स्वतःला नापास करायला वापरतोयस.

वर्णन वाचून "अगदी मीच" वाटलं म्हणालास. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये वर्गात एक चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन हातात दिलं. किती जुळतंय त्याला पाचपैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं, तेही बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. मला लगेच गणपतीच्या देवळाच्या वाटेवरचा पोपटवाला आठवला. आपण दोघांनी आठ-आठ आणे दिले, पोपटाने दोन पाकिटं काढली आणि दोन्हींत तेच: "मन निर्मळ आहे, केलेल्या उपकाराची जाण कुणी ठेवत नाही." मी भांडायला निघालो होतो. तू मात्र म्हणालास, पण खरं आहे की रे.

तुझ्या अक्षरांत सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. तू सांभाळणारा आहेसच. काकूंचं दुखणं तू कसं काढलंस ते मी पाहिलंय. पण सांभाळणं एकीकडे आणि शोध लावणं दुसरीकडे, असे दोन कप्पे कुणी केले?

गुनपेई योकोई हे नाव तू ऐकलं असशील, नसशील तर ऐक. निन्टेंडो ही जपानची कंपनी १८८९ पासून क्योतोत पत्ते छापायची. १९६५ मध्ये तिथं हा पोरगा लागला, पत्त्यांच्या मशिनी दुरुस्त ठेवायला. मेंटेनन्सवाला! मशिनी चालू असल्या की याला काम नाही. त्या रिकाम्या वेळात त्याने लांब होणारा एक चिमटा बनवला, जत्रेत मिळतो तसा. मालक फेरीवर आला आणि त्याने तो बघितला. शिव्या बसायच्या जागी हुकूम झाला, हे विकायला काढ. १९६६ मध्ये खेळणं बाजारात आलं आणि धो धो खपलं. पुढं याच माणसाच्या हाताखाली १९८९ चा गेमबॉय झाला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. त्याचा पडदा बघ, हिरवट, रंग नाहीत, त्या काळातसुद्धा जुनाट. दुसऱ्या कंपन्यांचे रंगीत होते, पण ते सेल खाऊन टाकायचे. योकोईचं धोरणच होतं की तंत्र जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं घ्यायचं आणि ते कुणाला सुचलं नाही अशा कामाला लावायचं. मला विचारशील तर असं धोरण दुरुस्ती करणाऱ्यालाच सुचतं. कुठली वस्तू टिकते आणि कुठली टेबलावर परत येते, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. बारा वर्षं तुझ्या टेबलावर दुसरं काय येतंय?

इतकं लांब कशाला, मिरजेचं घे. तिथली सतार-तंबोरा करणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणारी, धार लावणारी. गेल्याच्या आधीच्या शतकात हत्यारांचं काम सरलं आणि फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी करायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीला धार लावणाऱ्याला कुणी प्रश्नावली दिली असती, तर "तुम्हाला संगीताची आवड आहे का" याला त्याने काय लिहिलं असतं कोण जाणे.

आता तुझी गोष्ट तुलाच सांगतो. एप्रिल १९९८, शारजा. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. तुमच्या माडीवर वीज गेलेली, आजोबा खाटेवर झोपलेले, आणि त्यांच्या रेडिओचा स्पीकर फाटलेला. इअरफोन एकच, आणि त्याच्या दोन कानांतली वायर वीतभर. डोक्याला डोकं लावून बसलो तर मच्छरदाणीत एकच मावत होता. तू उठलास, कॉलबेलची राहिलेली वायर आणलीस, इअरफोन मधून कापलास, आणि मेणबत्तीच्या उजेडात दाताने वायर सोलून दोन्ही बाजूंना हात-हातभर जोड दिलास. एक कान खाटेच्या इकडं, एक तिकडं. वाळूचं वादळ, सचिनचे १४३, सगळं आपण तसं ऐकलं. मॅच हरलो पण फायनलला पोचलो, आणि दोन दिवसांनी त्याच वायरीवर फायनल जिंकली. इअरफोन कापलास म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबांनी तुझा कान पिरगाळला होता.

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला आला. मासारू इबुका या संस्थापकाला लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, म्हणून रेकॉर्ड करणाऱ्या छोट्या मशिनीतून रेकॉर्डिंगच काढून टाकलं. रेकॉर्ड न करणारा टेप घेणार कोण, असं कंपनीतलेच लोक म्हणत होते. त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती. सोनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं, एकट्यानंच ऐकत बसणं बरं दिसत नाही. शिवाय एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाणं हळू होऊन शेजारच्याचं बोलणं ऐकू येई. असा एक वॉकमन काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. ती दोन भोकं बघितली आणि तुझी बेलची वायरच आठवली. पुढं लोकांनी तो एकेकट्यानंच वापरला, तो भाग वेगळा. मोरितांचा अंदाज तिथं चुकला. पण चुकला हे कळलं ते लोक कसे वापरतात ते बघून.

हे बघणं मला फार मोठं वाटतं, अम्या. नोकिया ११०० आठव, २००३ चा. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च. जगात पंचवीस कोटींच्या वर खपला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला आधी कुणी विचारलं असतं की फोनमध्ये काय पाहिजे, तर तो म्हणाला असता, आवाज मोठा पाहिजे आणि स्वस्तात द्या. टॉर्च म्हणाला नसता. पण शेतीची वीज रात्री येते, बारा वाजता उसाला पाणी पाजायला जायचं, बांधावर पाय टाकायचा म्हणजे आधी उजेड टाकायचा. दुधगावच्या एका मामांचा तो फोन मी अकरा वेळा उघडलाय. "आवाज न्हाई आला तरी चालंल, बॅटरी लागाय पायजे," हे त्यांचं वाक्य. बॅटरी म्हणजे टॉर्च. आणि २०१९ च्या पुरात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ओसरल्यावर दुकानापुढं चिखलातल्या फोनांची रांग लागली. मला वाटलं होतं लोक म्हणतील, फोन चालू करून द्या. बहुतेकांनी विचारलं, आतले फोटो निघतील का. एका बाईंनी टीव्ही, मिक्सर तिथंच कोपऱ्यात ठेवले आणि फोन तेवढा हातात दिला. त्यांच्या सासऱ्यांचा आवाज होता त्यात.

माणूस स्वतःबद्दल काय लिहितो आणि हाताने काय करतो, यातलं दुसरं मला जास्त पटतं. म्हणून मी एक उद्योग केला. तीच चाचणी वैशालीला दिली आणि म्हटलं, माझ्या नावाने तू भर. मी स्वतःला अबोल लिहिलं होतं. ती हसत सुटली. म्हणाली, गिऱ्हाईक जायला निघतंय आणि तुम्ही पायरीपर्यंत जाऊन कपॅसिटर समजावताय. चारांतली दोन अक्षरं वेगळी आली! सिमीन वझीरे या संशोधक बाईंचं २०१० चं काम आहे याच्यावर: आतली धाकधूक ज्याची त्याला जास्त कळते, पण हुशारी आणि कल्पकता यांचा अंदाज जवळची माणसं जास्त बरोबर करतात. तू घाबरलायस, हे तुला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं. ते मी मान्य केलं. बाकीचं मला सांगू दे.

तर सोबत दोन फॉर्म पाठवतोय. एक मी तुझ्या नावाने भरलाय. वाचून चिडू नकोस, आणि आठवा प्रश्न वहिनींना दाखवू नकोस. दुसरा कोरा आहे, तो माझ्या नावाने तू भर. इकडं मीही एका गोष्टीवर अडलोय, दुकान पोराला आवडेल असं करावं की बंद करून दुसरं काही बघावं, पण ते भेटल्यावर.

टीमवाल्यांना या शुक्रवारी उत्तर द्यायचंय ना तुला? त्याआधी फोन कर. रात्री नऊनंतर, दुकान बंद असतं.

आणि हो, तुमच्याच कंपनीचा एक इअरफोन काल माझ्याकडे आला. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या पोरीचा, डावा कान बंद. उघडून बघितला. तू दोन वर्षांपूर्वी म्हणाला होतास ना, वायर मुळाशी वाकते आणि तिथंच तुटते, वर कळवलंय पण कुणी मनावर घेत नाही. अगदी तिथंच तुटलीय. मी आत एक छोटी स्प्रिंग बसवून दिली, बॉलपेनमधली. टिकली तर सांगतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गणपतीला येताना दोन दिवस जास्त काढून ये.

तुझा,
राज्या