भंगारात देण्याआधी एकदा आम्हाला विचारा

सस्नेह नमस्कार,

भोसरी-चाकण पट्ट्यातले कारखानदार, मेंटेनन्सची मंडळी आणि आमचे माजी विद्यार्थी, या सगळ्यांना हे आवाहन.

येत्या जूनपासून आमच्या कम्युनिटी कॉलेजात ऑटोमेशन टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. जागा २४. वर्ग सकाळी, म्हणजे सेकंड शिफ्टला जाणाऱ्यांनाही बसता येईल. खोली तयार आहे, थ्री फेज आली आहे, कॉम्प्रेसरही आहे (आवाज फार करतो, पण ६ बार दाब देतो). घोडं अडलंय ते अभ्यासक्रमाच्या आखणीपाशी.

पहिला मसुदा कॉम्प्युटरपासून सुरू होत होता. सॉफ्टवेअर, सिम्युलेटर, पडद्यावर पेटणारे दिवे. खर्च कमी, हात काळे होत नाहीत. पण त्याआधी आम्ही पंधरा दिवसांचा एक प्रयोगवर्ग घेतला होता. तिथे मागून आणलेल्या एका जुन्या पॅनेलवरचा सिलिंडर (हवेच्या दाबाने दांडा पुढेमागे करणारा) जागचा हलेना. मुलांनी प्रोग्रॅम तीनदा तपासला. शेवटी एका मुलीने वाकून पाहिलं, तर पुढच्या टोकाच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या (धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या) तोंडाला लोखंडाचा कीस चिकटलेला. सेन्सर कायमचा ऑन, म्हणून पीएलसीच्या (प्रोग्रॅमप्रमाणे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) मते सिलिंडर आधीच पुढे गेलेला! तिने कीस पुसला आणि सिलिंडर धाडकन पुढे आला. बोट थोडक्यात वाचलं. हवा बंद केल्याशिवाय हात घालू द्यायला नको होता. ती चूक आमची.

त्या दिवसानंतर मसुदा उलटा केला. पहिला तास हवा आणि वीज तोडून कुलूप लावण्याचा. पुढचे सहा आठवडे कॉम्प्युटरला हात नाही: २४ व्होल्टचा सप्लाय, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), काँटॅक्टर (मोटारीसाठीचा मोठा रिले), सिलिंडरची हवा वळवणारा ५/२ सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि मल्टिमीटर. मग पीएलसी. हा क्रम आमच्या डोक्यातून आलेला नाही. १९६९ साली अमेरिकेत मॉडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला तो मोटार कारखान्यांतल्या रिलेंनी भरलेल्या कपाटांची जागा घ्यायला. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची आकृत्यांची भाषा, तीही रिलेच्या सर्किटसारखीच ठेवली, इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. रिले हातात घेतलेल्या मुलाला लॅडर समजायला वेळ लागत नाही, हे आम्हीही पाहिलं. दुसऱ्या वर्षी व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह), दाब-तापमान मोजून सिग्नल पाठवणारे ४ ते २० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर, एचएमआय (मशीन चालवायचा पडदा), आणि शेवटचे सहा महिने कारखान्यात.

आता मागणं.

पैशांपेक्षा आधी तुमचे तीन तास हवेत. एखाद्या रविवारी या आणि गेल्या वर्षभरात तुमची लाइन कशाकशाने थांबली ते सांगा. पीएनपीच्या जागी एनपीएन (उलट जोडणीचा) सेन्सर बसवला, एफआरएलमधलं (हवेच्या फिल्टरमधलं) पाणी कुणी काढलंच नाही, असलं काहीही चालेल. त्यातूनच प्रात्यक्षिकं बेतायची आहेत. ही माहिती पुस्तकात मिळत नाही आणि मॅनेजरपेक्षा नाइट शिफ्टच्या फिटरला जास्त असते, तेव्हा त्यालाच पाठवा.

दुसरं म्हणजे जुना माल. सहा टेबलं उभी करायची आहेत, चौघांत एक. पीएलसी कोणत्याही कंपनीचा द्या. उत्पादन थांबलेला सीमेन्स एस७-२०० असला तरी हरकत नाही. सॉफ्टवेअर वेगवेगळं असतं, पण पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६११३१-३ याच्यामुळे लॅडर सगळीकडे ओळखीची निघते. बंद पडलेला माल तर हवाच, फक्त त्यावर ‘बंद’ अशी चिठ्ठी लावा. मुलांसाठी बिघाड आम्ही मुद्दाम ठेवतो, पण शॉक नको.

रोख मदत करणाऱ्यांसाठी: पैसे मल्टिमीटर, लग (वायरच्या टोकाला बसवायचे), वायर आणि हवेच्या पीयू ट्यूबवर जातील. पावती लगेच मिळेल आणि दर तिमाहीचा हिशेब नोटीस बोर्डावर लागेल.

माल न्यायला आमचा टेम्पो येईल. एकच विनंती, पॅनेल उतरवताना वायरी कटरने सपासप कापू नका. टर्मिनलवरून सोडवा आणि वायरींच्या टोकावरचे नंबरांचे फेरूल (नंबराच्या नळ्या) तसेच राहू द्या. वायर कुठून कुठे जाते, ते मुलांनाच शोधू दे.

आपली,
अभ्यासक्रम समिती