हीट पंप वॉटर हीटर चुकीच्या जागी बसवल्याबद्दल आणि तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २०० लिटर हीट पंप वॉटर हीटरबाबत तक्रार

महोदय,

तीन महिन्यांपूर्वी आम्ही आपल्या कंपनीचा २०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर घेतला. साध्या गीझरपेक्षा तो बराच महाग पडतो हे ठाऊक असूनही घेतला, कारण घरातली सर्वात जास्त वीज पाणी तापवण्यात जाते हे मी आधी मीटर लावून पाहिले होते. खरेदी करताना आपल्या विक्री प्रतिनिधीने मला एकच प्रश्न विचारला: "घरात माणसं किती?" मी पाच म्हटले, त्यांनी २०० लिटर लिहून घेतले आणि निवड झाली.

हे यंत्र बसणार कुठे, त्या खोलीचे माप काय, तिथे हवा खेळती आहे का, हे त्यांनी विचारले नाही. फिटिंगला आलेल्या माणसानेही विचारले नाही. स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत नळ आणि विजेचा पॉइंट जवळ होता, म्हणून हीटर तिथे बसला. ही खोली २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि जेमतेम अडीच मीटर उंच आहे, म्हणजे साडेसात घनमीटर. खिडकी नाही. आपल्याच माहितीपुस्तिकेत मागच्या बाजूला छापले आहे की डक्ट (हवा आत-बाहेर नेणारी मोठी नळी) नसेल तर यंत्राभोवती किमान २० घनमीटर हवा हवी. ती पुस्तिका फिटिंग झाल्यावर, खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये बंद अशी माझ्या हाती आली.

या जागेने काय होते ते आपल्या लोकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असायला हवे. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि थंड झालेली हवा बाहेर टाकतो. म्हणून तर एक युनिट विजेत तो तीन युनिटांइतकी उष्णता देऊ शकतो. साध्या गीझरमधल्या विजेच्या कॉइलला एका युनिटाला एकापेक्षा जास्त उष्णता कधीच देता येत नाही. पण कोंदट खोलीत तो स्वतःच टाकलेली थंड हवा पुन्हा ओढत बसतो. मी खिळ्याला थर्मामीटर टांगून पाहिला. हीटर सुरू केला तेव्हा २५ अंश होते, तासाभराने १३. तिथे ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर बाहेरून पाण्याचे थेंब जमले होते. हवा गार झाली की पाणी तापायला वेळ लागतो, मग स्वयंचलित मोडमध्ये यंत्रातलीच विजेची कॉइल मदतीला येते आणि मीटर पळतो. तरीही सकाळी चौघांच्या आंघोळी झाल्यावर दहा वाजता सासूबाईंना कोमट पाणीच मिळत होते.

त्यासाठी मी पहिली तक्रार नोंदवली. आपले तंत्रज्ञ आले, दहा मिनिटांत काम झाले म्हणाले आणि संध्याकाळी मला 'तक्रार निवारण झाले' असा संदेश आला. पाणी खरोखरच गरम येऊ लागले. आठवड्याने मीटरच्या रोजच्या नोंदींच्या वहीतले आकडे पाहिले तेव्हा रोजचे साडेपाच युनिट नऊवर गेलेले. पॅनेल उघडून पाहिले, तर यंत्र 'फक्त इलेक्ट्रिक' मोडवर ठेवलेले! हीट पंप चालवणारा कॉम्प्रेसर आठ दिवस एकदाही चालला नव्हता. म्हणजे आम्ही हीट पंपाचे पैसे मोजून साधा गीझर वापरत होतो, आणि आपल्या नोंदीत आमचे समाधान झालेले होते. सगळ्यात जास्त राग मला याचा आहे. जागा चुकली ही चूक आहे. ती मला न सांगता झाकून ठेवणे ही फसवणूक आहे.

मी मोड पूर्ववत केला आणि दोन दिवस दार सताड उघडे ठेवले. वापर तेवढाच, पाणी तेवढेच, युनिट रोज तीन. हिशेबही जुळतो: २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला आठ युनिटांच्या आसपास उष्णता लागते, आणि हीट पंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे पावणेतीन-तीन युनिट वीज पुरते. तेव्हा यंत्रात दोष नाही हे मी स्वतःच सांगते. यंत्र चांगले आहे. पण दार कायम उघडे ठेवा, हा फोनवर मिळालेला सल्ला आम्हाला चालणार नाही. शेजारीच सासूबाईंची खोली आहे, कॉम्प्रेसरची घरघर आणि गार हवा सरळ त्यांच्या पलंगापर्यंत जाते. फोनवरच्याच दुसऱ्या ताईंनी वीज वाचवायला तापमान कायमचे ४५ वर ठेवा म्हटले. साठवलेले पाणी असे सतत कोमट राहिले तर त्यात लिजिओनेला हे फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे जिवाणू वाढू शकतात, आणि आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत तापवा असे आपल्याच पुस्तिकेत लिहिले आहे. घरात वयस्कर माणूस असताना असा सल्ला कोणी कसा देतो?

हवेतल्या बाष्पाचे पाणी जाण्यासाठी लावलेली नळीही मोरीपर्यंत नेलेली नाही, ती बादलीत सोडली आहे. दमट दिवसांत ती बादली मी रोज ओतते.

माझी मागणी अशी: कंपनीने स्वखर्चाने हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा डक्ट बसवावा, किंवा हीटर मागच्या मोकळ्या पडवीत हलवून गरम पाण्याच्या नळाला वेष्टण घालून द्यावे. नळी मोरीला जोडावी. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून त्यात काय केले होते ते खरे लिहावे. यातले काहीच जमणार नसेल तर यंत्र परत न्यावे आणि पूर्ण रक्कम द्यावी. आणखी एक, विक्रीच्या अर्जात खोलीचे माप, हवा येण्याची सोय, पाणी जाण्याची सोय आणि आंघोळी कोणत्या वेळेत होतात, एवढे चार रकाने घाला. गरम पाणी संपले की कॉम्प्रेसरला पूर्ण टाकी पुन्हा तापवायला पाच-सहा तास लागतात. सगळे तासाभरात आवरणाऱ्या घराला आणि दिवसभर थोडे थोडे पाणी लागणाऱ्या घराला एकच टाकी पुरत नाही.

पावती, पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो आणि युनिटांच्या वहीची पाने सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, नाहीतर मला ग्राहक न्यायालयात जावे लागेल. माणूस पाठवाल तेव्हा खोलीचे आणि पडवीचे माप घ्यायला टेप घेऊन पाठवा. मी दुपारी तीननंतर घरी असते.

आपली,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक पावतीवर आहे)