डेन्मार्कची राज्यघटना ही राजाची देणगी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संविधान दिनाच्या पुरवणीत युरोपातल्या राजेशाह्यांवर लेख आला. त्यात डेन्मार्क एका वाक्यात उरकला आहे: सातव्या फ्रेडरिक राजाने १८४९मध्ये उदार मनाने प्रजेला राज्यघटना दिली. पुरवणीतली अशी वाक्ये मुलांच्या निबंधात आणि वक्तृत्वाच्या भाषणात जशीच्या तशी उतरतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

राजाने सोडले ते काय, हे आधी बघायला हवे. १६६०मध्ये डेन्मार्कची गादी वंशपरंपरागत झाली आणि १६६५च्या 'राजकायद्या'ने राजाला सगळ्या मानवी कायद्यांच्या वर बसवले. त्याच्या डोक्यावर फक्त देव. बंधने मोजकी: लूथरचा पंथ सोडायचा नाही, राज्याच्या वाटण्या करायच्या नाहीत आणि स्वतःची निरंकुश सत्ता तसूभरही कमी करायची नाही. हा कायदा १७०९पर्यंत छापलासुद्धा नव्हता. ज्या कायद्याने आपल्यावर राज्य चालते तो रयतेने चाळीसहून अधिक वर्षे डोळ्यांनी पाहिलेला नाही! आणि त्यातले शेवटचे बंधन नीट वाचले तर राजाला राज्यघटना 'देण्याची' मुभाच नव्हती.

मग घडले काय? आधीचा राजा आठवा ख्रिश्चन २० जानेवारी १८४८ला वारला. नव्या राजाने, म्हणजे सातव्या फ्रेडरिकने, आठ दिवसांतच घटनेचे आश्वासन दिले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण ती घटना कशी असेल, हे वरून ठरणार होते. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये उठाव झाला, डॅनिश राजाच्याच अमलाखालच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतांत जर्मन पक्षाने उचल खाल्ली आणि २१ मार्चला सुमारे १५ हजार लोक कोपनहेगनच्या राजवाड्यावर चालून गेले. उदारमतवादी पुढारी ऑर्ला लेमानने लिहिलेल्या त्यांच्या अर्जाचा शेवट असा, की राष्ट्राला निराशेपोटी स्वतःच हात उचलायला लावू नका. मोर्चा पोहोचण्याआधीच राजाने जुने मंत्री घरी पाठवले होते. उदारपणा म्हणायचा तर इतकाच, की त्याने बंदूक न उचलता वेळ ओळखली.

पुढचे काम घटना समितीचे, आणि पुरवणीत तिचे नावही नाही. ५ ऑक्टोबर १८४८ला निवडणूक, २३ ऑक्टोबरला पहिली बैठक. सदस्य १५२, त्यांतले ११४ निवडून आलेले आणि ३८ राजाने नेमलेले, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. अध्यक्ष योआकिम स्कोव हे वनस्पतिशास्त्रज्ञ. मसुदा मुख्यतः डी. जी. मोनराड या धर्मोपदेशक मंत्र्याचा, भाषेवर हात लेमानचा. तो १७ जणांच्या समितीने कलमवार तपासला. बाहेर प्रशियाशी युद्ध सुरू, आत सात महिने वाद. २५ मे १८४९ला ११९ विरुद्ध ४ मतांनी १०० कलमांची घटना मंजूर झाली आणि ५ जूनला राजाने सही केली. तेथील लोक ५ जून साजरा करतात, आपण मात्र तेवढीच सही लक्षात ठेवतो.

मताचा अधिकार कोणाला, हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. तीस वर्षांवरचा पुरुष हवा आणि त्याचे स्वतःचे बिऱ्हाड हवे. दुसऱ्याच्या घरी चाकरीला राहणारा, आपल्याकडचा सालगडी म्हणा, बाद. सरकारी मदत घेऊन ती न फेडलेला बाद. दिवाळे निघालेला बाद. बायका सगळ्याच बाद. हजार वस्तीच्या गावात जेमतेम दीडशे मते. तरीही त्या काळच्या युरोपात ही यादी मोठीच होती. मतदान मात्र उघड. एका ठिकाणी जमायचे, हात वर करायचे आणि आव्हान मिळाले तर तोंडी नाव सांगून नोंदवायचे. ज्याची जमीन कसायची तोच समोर उभा असताना कूळ हात कोणाकडे वर करणार? गुप्त मतदान यायला १९०१ उजाडले. स्त्रियांना आणि घरगड्यांना मत मिळाले १९१५मध्ये.

सगळ्यात महागात पडल्या त्या दोन फटी. मंत्री नेमायचे आणि काढायचे राजाने, पण सभागृहात बहुमत नसले तर मंत्र्याने जायचे की नाही, यावर घटनेत अक्षर नाही. दुसरी फट वटहुकुमाची: सभागृह चालू नसेल आणि फारच निकड असेल तर राजाने तात्पुरता कायदा काढावा आणि तो पुढच्या अधिवेशनात मांडावा. १८६४च्या युद्धात हरल्यावर १८६६मध्ये घटना बदलली आणि वरिष्ठ सभागृहाच्या ६६ जागांपैकी १२ राजाच्या नेमणुकीच्या झाल्या; बाकीच्यांतही धनिकांचे पारडे जड. मग १८७५ ते १८९४ पंतप्रधान राहिलेल्या एस्ट्रूपने दोन्ही फटी जोडल्या. लोकांनी निवडलेल्या कनिष्ठ सभागृहाने अंदाजपत्रक अडवले की अधिवेशन संपवायचे आणि तात्पुरता वित्तीय कायदा काढायचा. १८८५पासून सलग काही वर्षे देशाचा खर्च असाच चालला. निरंकुश सत्ता १८४९मध्ये संपली, हे कागदावर खरे. व्यवहारात ती १९०१पर्यंत रेंगाळली. त्या वर्षी राजाच्या मर्जीतल्या उजव्या पक्षाला कनिष्ठ सभागृहाच्या ११४पैकी ८ जागा मिळाल्या, तेव्हा कुठे राजाने बहुमतवाल्यांना बोलावले. मंत्र्यावर अविश्वास आला तर त्याने जावे, हे घटनेत स्पष्ट लिहिले गेले ते १९५३मध्ये. आपल्या घटनेत वटहुकुमाला अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांची मुदत आहे. ती मुदत इतकी मोलाची का, हे मुलांना समजावायला एस्ट्रूपइतका चांगला धडा नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. ५ एप्रिल १८४८ला साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे वारले आणि डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. त्याच वसंतात कोपनहेगन घटना समितीच्या तयारीला लागले होते. आणि २१ जानेवारी १९३९ला औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपणहून कारभार रयतेच्या हाती दिला. कुंडल आणि आटपाडीही त्याच संस्थानात. 'राजाने दिले' हे शब्द शोभतात ते औंधला. त्यांना डेन्मार्कवर चिकटवले तर औंधचेही मोल कमी होते.

त्याच १९३९च्या मे महिन्यात डॅनिश लोकांनी घटनादुरुस्तीवर सार्वमत घेतले. मत देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अनुकूल होते, पण एकूण मतदारांच्या ४५ टक्क्यांची अट होती आणि मते पडली ४४.४६ टक्के. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे घटनेवरचा शेवटचा शब्द राजाचा नव्हे, लोकांचा. पुढच्या पुरवणीत डेन्मार्कच्या वाक्यात राजाच्या नावाआधी १५२ जणांच्या घटना समितीचा उल्लेख यावा, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक
कऱ्हाड (जि. सातारा)