चिकटलेल्या कॉन्टॅक्टरमागचं कारण शोधणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून रबाळे एमआयडीसीतले दादा एवढंच लिहिते. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवतेय. विजेवर चालणाऱ्या टेम्पोवर थंड पेटी बसवायचा विचार करणारे आणखीही असतील, आणि तुम्ही आमच्या गाडीत जे शोधून काढलंत ते त्यांना पेटी बसवण्याआधी कळायला हवं.

आमच्या ऐरोलीच्या बचत गटाचा सगळा माल गोठवलेला असतो. मोदक, पुरणपोळ्या, सोललेलं मटार. ठाण्यापासून पनवेलपर्यंत एकच टेम्पो फिरतो. तो डिझेलवरून विजेवर बदलून घेतला तेव्हा मान्यता असलेलं किट घेतलं, आणि ते उत्तम चाललं. मग मागे थंड पेटी आली, तिच्या कॉम्प्रेसरला हाय-व्होल्टेजची लाइन दिली गेली, आणि पुढच्या काही महिन्यांत मेन कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीची लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, चिकटला. त्याचे पॉइंट वितळून एकमेकांना धरून बसले. जिथे दाखवलं तिथे नवा घालून दिला. तोही चिकटला. ‘पार्ट खराब निघाला’ एवढंच उत्तर मिळालं, आणि बिल.

तुम्ही मात्र नवा कॉन्टॅक्टर हातातही घेतला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, ‘गाडीला मूळच्यापेक्षा काय जास्त जोडलंय?’ दादा, त्या एका प्रश्नासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

त्यानंतर तुम्ही आमच्या ड्रायव्हरला आणि मला शेजारी उभं करून जे समजावलंत, ते माझ्या शब्दांत मांडते. चुकलं तर फोन करून सांगा.

बॅटरी ३५० व्होल्टची. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो आणि गाडी बंद असताना तो रिकामा असतो. रिकाम्या हौदाचा व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला की पाइप हादरतो, तसा बॅटरी थेट जोडली की प्रवाह उसळतो. वाटेतला सगळा रोध एक दशांश ओहम धरला तरी हिशेब ३,५०० अँपिअरचा होतो. म्हणून चावी फिरवल्यावर आधी निगेटिव्हचा कॉन्टॅक्टर लागतो, मग प्रीचार्जची, म्हणजे कपॅसिटर आधी हळू भरून घेणारी छोटी रिले (छोटा स्विच), आणि प्रवाह एका रेझिस्टरमधून हळूहळू जातो. कपॅसिटर भरला की मेन पॉझिटिव्ह लागतो आणि प्रीचार्जची रिले सुटते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. आम्हाला बाहेर ऐकू येतात ते फक्त दोन-तीन ‘टक’.

आमच्या किटमध्ये रेझिस्टर १०० ओहमचा आणि कपॅसिटर ५०० मायक्रोफॅरडचा. दोन्हींचा गुणाकार ५० मिलिसेकंद, आणि त्याच्या पाचपट वेळात कपॅसिटर ९९ टक्क्यांवर भरतो. किट बनवणाऱ्यांनी मेन कधी लावायचा ते ठरवणारा टायमर बरोबर २५० मिलिसेकंदांवर लावला होता. त्यांच्या गाडीपुरतं ते अचूकच होतं. पण कॉम्प्रेसर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये स्वतःचा ७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता आणि तो त्याच लाइनवर आला. आता ५० चे झाले १२० मिलिसेकंद, टायमर तोच राहिला. वेळ संपेपर्यंत व्होल्टेज जेमतेम ८७ टक्क्यांवर पोचायचं, आणि उरलेल्या ४० हून जास्त व्होल्टच्या फरकावर मेन कॉन्टॅक्टर आपटायचा.

त्याहून वाईट भाग तुम्ही स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची रेघ काढणाऱ्या पडद्यावर, दाखवलात. पेटीचं बटण ड्रायव्हर चालूच ठेवायचा, त्यामुळे लाइनवर व्होल्टेज चढताच कॉम्प्रेसर प्रवाह ओढायला लागायचा. १०० ओहमच्या रेझिस्टरमधून १ अँपिअर जरी ओढला तरी त्यावरच १०० व्होल्ट पडतात. पडद्यावरची रेघ चढता चढता अडली, तिथेच राहिली, आणि टायमर संपल्यावर सरळ उभी उडाली. ‘हा बघा, पॉइंट इथे वितळतायत,’ असं तुम्ही म्हणालात. इतके दिवस ज्याला नशीब म्हणत होतो त्याचं चित्र समोर होतं.

रेझिस्टरचा रंग का उडाला तेही तेव्हाच कळलं. कपॅसिटर भरताना त्यात जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, ओहम कितीही असोत. आधी हा आकडा ३० जूल होता, पेटीनंतर ७३ च्या पुढे गेला. गाडी लागेना म्हणून घाईत पुन्हा पुन्हा चावी मारली की प्रत्येक वेळी ती उष्णता आधीच्या उष्णतेवर चढते.

तुम्ही केलेली दुरुस्ती बिलात दोनच ओळींची आहे, म्हणून इथे नीट लिहिते. किटवाल्यांना स्वतः फोन लावून तुम्ही प्रीचार्ज घड्याळाऐवजी व्होल्टेजवर करून घेतलंत. लाइन बॅटरीच्या ९५ टक्क्यांवर पोचली तरच मेन लागायचा. एका सेकंदात पोचली नाही तर सगळं सोडून द्यायचं आणि रेझिस्टर गार होईपर्यंत पुन्हा प्रयत्न करू द्यायचा नाही. कॉम्प्रेसरला चालू व्हायचा इशारा आता मेन लागून काही सेकंद गेल्यावरच मिळतो. गाडी बंद करताना उलट क्रम, आधी कॉम्प्रेसर थांबतो, मग कॉन्टॅक्टर सुटतो. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो मिळत नाही, भार चालू असताना कॉन्टॅक्टर उघडला की पॉइंट जळतातच. हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

१२ व्होल्टची छोटी बॅटरीही तुम्ही तपासलीत. ती मलूल असली की कॉन्टॅक्टर ओढून धरणारी कॉइल नीट धरत नाही, कॉन्टॅक्टर थरथरतो आणि त्यानेही चिकटतो. आमची अर्धी गेलेली होती, तुम्ही बदलायला लावलीत. पेटी धुताना कनेक्टरमध्ये पाणी जातं का, तेही मेगर, म्हणजे वीज गाडीच्या अंगावर झिरपते का ते मोजणारं मीटर, लावून पाहिलंत. नियमानं डीसीला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम पुरतात, म्हणजे आमच्याकडे ३५ हजार. तुम्ही मात्र आकडा मेगाओहममध्ये आल्याशिवाय गाडी सोडली नाहीत, पावसाळा तोंडावर होता म्हणून.

सगळ्यात जास्त आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. चिकटलेला कॉन्टॅक्टर चावी काढली तरी सुटत नाही, म्हणजे बंद गाडीतली हाय-व्होल्टेजची नारिंगी केबल जिवंत असू शकते. आमचा ड्रायव्हर एकदा स्वतःच झाकण उघडून बघणार होता, हे ऐकल्यावर तुमचा चेहरा बदलला. हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही त्याला सगळी रीत करून दाखवलीत. चावी बाहेर, १२ व्होल्टची निगेटिव्ह सोडायची, बॅटरीची लाइन तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, थांबायचं. रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे. मीटर आधी चालू लाइनवर लावून तो ठीक असल्याची खात्री, मग तपासणी, मग पुन्हा चालू लाइनवर. ६० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट लावायचं नाही. वर हेही सांगितलंत की पेटीमुळे कपॅसिटर वाढलाय, तेव्हा व्होल्टेज उतरायलाही आता जास्त वेळ लागतो, आधीच्या अंदाजावर जाऊ नका. आणि शेवटी त्याला स्पष्ट म्हणालात, ‘हे तुला माहीत असावं म्हणून दाखवलं, तू करावंस म्हणून नाही.’ तो मुलगा आमच्या घरातल्यासारखा आहे, दादा. त्याच्या आईनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

गणपतीच्या ऑर्डर याच टेम्पोने वेळेवर पोचल्या. दुरुस्तीनंतर कॉन्टॅक्टर बदलावा लागलेला नाही.

एक विनंती. वायरिंगचा जो कागद तुम्ही हाताने काढून दिलात, तो आम्ही लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलाय. दिघ्याच्या एका गटाने टेम्पो घेतलाय आणि त्यांनाही थंड पेटी बसवायची आहे. तुमची हरकत नसेल तर त्याची प्रत त्यांना देते, आणि पेटीवाल्याला आगाऊ देण्याआधी त्यांना तुमच्याकडे पाठवते. मोदक घेऊन मी येतेच आहे, त्याचे पैसे काढू नका.

आपली कृतज्ञ,
ऐरोलीच्या बचत गटाची, गाडीचं काम बघणारी ताई