शिबिराला निघण्याआधी

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत, मग देशोदेशीच्या तरुणांच्या या शिबिराला जातेस कशाला, असं जो तो तुला विचारतोय आणि तू वैतागतेस. प्रश्न तसा रास्त आहे. फक्त ‘नवे मित्र मिळतील, जग बघायला मिळेल’ असलं उत्तर देऊ नकोस. तेवढं तर सहलीतही मिळतं.

या शिबिरांचं मूळ मौजमजेत नाही. १९२० साली, पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं होत होती, तेव्हा पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. कालपर्यंतच्या शत्रूंनी खांद्याला खांदा लावून पडलेलं गाव उभं करायचं, एवढाच बेत. गावाशी सूर काही जुळला नाही आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. गडी मात्र मागे हटला नाही. १९३४च्या भूकंपानंतर तो पार बिहारपर्यंत मदतीला आला. पुढे १९६३ साली फ्रान्स आणि जर्मनीनं दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक संयुक्त कार्यालयच काढलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा लढलेले देश ते! तुझ्या शिबिराची वंशावळ ही अशी आहे, पाहुण्यांना हेच सांग.

आता तिथं काय होईल ते ऐक. ‘एक पाऊल पुढे’ नावाचा खेळ बहुधा होईलच. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. कुणी मंत्र्याचा मुलगा, कुणी कागदपत्रं नसलेली स्थलांतरित बाई, कुणी व्हीलचेअरवरचा विद्यार्थी. सगळे एका रेषेत उभे राहतात आणि प्रशिक्षक एकेक वाक्य वाचतो: ‘आजारी पडलो तर डॉक्टर परवडतो’, ‘रात्री रस्त्यावर भीती वाटत नाही’. आपल्या पात्राला लागू पडलं तर पाऊल पुढे टाकायचं, नाहीतर जागेवरच. थोड्या वेळात काही जण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचतात आणि एखादी मुलगी पहिल्या रेषेवरच खिळून राहते. खेळ इथं संपला असं वाटतं, पण खरं काम इथूनच सुरू होतं. गोल करून बसवतात आणि विचारतात: मागे राहताना काय वाटलं? पुढे गेलेल्यांपैकी कुणी मागे वळून पाहिलं का? या बसण्याचा मुलांना कंटाळा येतो. दमलेली असतात, भूक लागलेली असते, त्यात पुन्हा हे प्रश्न. तो तास चुकवू नकोस. ते बोलणं नसेल तर अनौपचारिक शिक्षण, म्हणजे वर्गाबाहेर अनुभवातून शिकणं वगैरे सगळं बाजूला, उरतो नुसता खेळ.

एका गोष्टीचं मला मनापासून वावडं आहे, ती म्हणजे ‘देशोदेशीची संध्याकाळ’. टेबलावर झेंडा, अंगावर ठेवणीतला पोशाख, आणि ‘आमच्याकडे सगळे असेच’ अशी वाक्यं. हौस म्हणून नटायला हरकत नाही. पण अख्ख्या देशाची वकिली करायला तुला कुणी धाडलेलं नाही. ‘तुमच्याकडे बायका असं करतात का?’ असं कुणी विचारलं तर ‘माझ्या ओळखीतल्या काही करतात, काही नाही’ एवढं खरं उत्तर पुरे.

भांड्यांची पाळी लागेल, खोलीत न पटणारी मुलगी असेल, तुझं इंग्रजी अडखळेल. अडखळू दे. सफाईदार बोलणारी मुलंच सगळी चर्चा खाऊन टाकतात, हा तिथला नेहमीचा रोग आहे. तू गप्प बसलेल्या मुलाला विचार, त्याला काय वाटतं.

शेवटी प्रमाणपत्र मिळेल. युरोपात २००७ पासून यूथपास नावाचं प्रमाणपत्र देतात आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की, आपण काय शिकलो ते तरुणांनी स्वतःच लिहायचं असतं. तसा फॉर्म तुझ्याही हाती पडला तर ‘नेतृत्वगुण वाढले’ असलं ठोकळेबाज काही लिहू नकोस. ‘एका मुलाशी भांडले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच गटात नाटुकलं बसवलं’, असं लिही.

विम्याचे कागद आणि औषधांची यादी गटप्रमुखांकडे दिली आहे. त्याची एक प्रत तुझ्या पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. रोज फोन नको, पोचलीस की तेवढा एक मेसेज टाक.

तुझी आई