बॅटरीवाल्या काकांना, साताऱ्याहून

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार.

आजोबांची गाडी सुरू झाली त्या संध्याकाळीच तुमचे आभार मानायचे होते, पण एसटी चुकेल म्हणून तुम्ही पिशवी उचलून निघालात. स्टँडवर बाबांनी पाकीट पुढे केलं, तर तुम्ही त्यातून स्वारगेटपर्यंतच्या तिकिटाचे पैसे काढून घेतलेत आणि पाकीट परत त्यांच्या खिशात ठेवलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुनी गाडी दारात असलेल्या कुणाला तुमच्या त्या दोन दिवसांतलं काही उपयोगी पडलं, तर तुम्हाला ते पाकिटापेक्षा जास्त आवडेल.

आजोबांची मॉरिस मायनर १९५३ सालची. हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने विकलेल्या गाड्यांपैकी. याच गाडीतून ते कोरेगाव, रहिमतपूरकडे पेशंट बघायला जात. ते गेल्यावर गाडी शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली. गेल्या वर्षी बाबांनी ती बाहेर काढली. इंजिन मोकळं झालं, ब्रेक झाले, आणि वायरिंगपाशी सगळं अडलं. डॅशबोर्डवरच्या बटणांची अक्षरं पुसलेली. मागे हात घातला की कापडी वेष्टनाच्या वायरींचा जुडगा, सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. आधी बोलावलेल्या वायरमनने आत डोकावून सांगितलं, “हे सगळं कापून टाकू, वायरींचा नवीन हार्नेस घालू, बटणंही नवीन.” त्याचा हेतू वाईट नव्हता. बाबा हो म्हणायच्या बेतात होते. मी मात्र आठवडाभर मागून घेतला आणि नाना पेठेत स्पेअर पार्टच्या एकेका दुकानात विचारत फिरले. चौथ्या दुकानात तुमचं नाव निघालं.

तुम्ही आलात आणि पहिला तासभर पक्कडसुद्धा बाहेर काढली नाहीत. बॉनेट उघडून नुसते बघत उभे होतात. मग बॅटरीच्या दोन क्लिपा माझ्या हातात दिल्यात आणि विचारलंत, “कुठली मोठी आहे?” बॉडीला जाणाऱ्या पट्ट्याची क्लिप मोठी होती. बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, म्हणजे या गाडीत प्लस बॉडीला आहे, हे तुम्ही त्या एका भोकावरून सांगितलंत. आदल्या महिन्यात आम्ही आजच्या गाड्यांसारखी मायनस बॉडीला लावून बसलो होतो. इंजिन तसंच सुरू झालं असतं तर उलट्या जोडणीत डायनमो आणि बॅटरी यांच्यामधल्या कटआउटचे पॉइंट जळाले असते, हे ऐकल्यावर बाबा खुर्चीत बसले ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रंगांचा धडा तर मला जन्मभर पुरेल. वरून मातकट दिसणारी वायर जिथे पट्टीखाली दबलेली असते, जिथे ऊन आणि तेल पोचत नाही, तिथे तिचा रंग शाबूत असतो. तुम्ही एक पट्टी सैल केलीत, ओल्या फडक्याने पुसलीत, आणि आतून तपकिरी निघाली. पाठोपाठ पांढरी, मग हिरवी. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली, किल्ली बंद असली तरी जिवंत. पांढरी किल्लीनंतरची. हिरवी किल्लीनंतरची, पण फ्यूजमधून गेलेली. लाल पार्किंगची आणि मागच्या दिव्याची, काळी अर्थिंगची. निळी हेडलाइटची, त्यात पांढरी रेघ असेल तर लांबचा झोत, लाल असेल तर डिपर. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची ही रंगांची रीत, आणि तुमचा हात बसलेला अ‍ॅम्बॅसेडरवर. ती मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घडलेली, तेव्हा “ही तिच्या माहेरचीच” असं म्हणून तुम्ही कामाला लागलात. अख्ख्या गाडीला फ्यूज दोनच, आणि हेडलाइट त्या दोन्हींत नाहीत, हे तुम्ही मुद्दाम दोनदा सांगितलंत. त्या वायरींवर आता मी रोज नजर टाकते.

मग सुरू झालं ओळखण्याचं काम. बॅटरी सोडलेली, तुमच्याकडे वायर अखंड असली की वाजणारा बझर, माझ्याकडे वही, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च. एका वेळी एकच वायर. दोन्ही टोकं सापडल्याशिवाय पुढची धरायची नाही. प्रत्येक वायरीला जुन्या चादरीची चिंधी बांधायची, चिंधीवर आकडा, आणि तोच आकडा वहीत. तुमची बोटं थरथरतात हे मला दुपारी कळलं, कारण त्यानंतर गाठी तुम्ही माझ्याकडून मारून घेतल्यात. बाकी काही शिकवतोय असं तुम्ही एकदाही दाखवलं नाहीत.

डावीकडचं एक बटण ओढलं तरी काहीच होत नव्हतं आणि त्याच्या मागे वायरच सापडत नव्हती. वायर तुटून पडली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही आरसा तिरका केलात आणि म्हणालात, “याला वायर नसतेच, बाळ. ही तार आहे.” सेल्फचं बटण ते. ओढलं की आतली स्टीलची तार सेल्फचा जाड स्विच दाबते; डॅशबोर्डपर्यंत करंट येतच नाही. तार आत गंजून धरली होती, एवढंच. पायाशी असलेलं गोल बटण डिपरचं निघालं. दाराच्या खांबातून बाहेर येणारे वळण दाखवायचे हात एका तेलाच्या थेंबावर उठले. डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर का विझतो, तेही तुम्ही मला वहीत काढून दाखवलंत: दिव्याची एक बाजू किल्लीकडे, दुसरी डायनमोकडे. डायनमो पुरेसा फिरला की दोन्हीकडून सारखाच जोर येतो, मग दिव्यातून करंट जायला कारणच उरत नाही. इतकं सोपं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या एका स्विचबद्दल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं जागेवर होतं. बॅटरी लावली, किल्ली फिरवली. तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलंत आणि कान लावलात. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की तो टिकटिकला पाहिजे. आवाज नव्हता. पंप काढून थेट बॅटरीवर लावला तर चालला. म्हणजे मधली पांढरी वायर. ती धरत धरत तुम्ही डॅशबोर्डखाली आडवे झालात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शेडच्या फरशीवर, आणि स्टेअरिंगच्या मागे एका जागी ती पांढरी कापडी वायर कापून तिला प्लास्टिकच्या दोन काळ्या वायरी जोडलेल्या सापडल्या. जोड नीट डाख देऊन केलेला. त्या वायरींच्या टोकाला, खालच्या पत्र्याच्या आतल्या कडेला, घरातल्या टेबललॅम्पला असतो तसला छोटा स्विच. बाहेरून कुणालाही न दिसणारा.

“चोरीसाठी लावलाय,” तुम्ही आतूनच म्हणालात. “ज्यानं लावला, त्याचा हात चांगला होता.”

तेव्हा बाबांना आठवलं. आजोबा गाडी सुरू करण्याआधी रोज खाली वाकायचे आणि मग हात कपाळाला लावायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, गाडीच्या पाया पडतात. आजीही तेच सांगायची. ते पाया पडतच असतील, पण वाकताना हा स्विचही दाबत असणार. बाबा साठीला आले आहेत. ते तुमच्याशेजारी फरशीवर बसले, आत हात घातला, चाचपडत तो स्विच शोधला आणि दाबला. पंप टिकटिकला. आधी भराभर, मग पेट्रोल भरत गेलं तसा सावकाश, मग थांबला.

काका, नवीन हार्नेस घातला असता तरी गाडी सुरू झाली असती. दिवे लागले असते, हॉर्न वाजला असता. तो स्विच मात्र कापलेल्या वायरींच्या ढिगात भंगारात गेला असता, आणि आजोबांच्या त्या वाकण्याचा अर्थ आम्हाला कधीच कळला नसता. तुम्ही तो काढायचा का, असं विचारलंत, तेव्हा बाबा आणि मी एकदमच नाही म्हणालो. त्याचे जोड तुम्ही पुन्हा नीट गुंडाळून दिलेत, त्यासाठी वेगळे आभार.

आता गाडी आठवड्यातून एकदा पोवई नाक्यापर्यंत जाऊन येते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्या ‘व्हिंटेज’ म्हणून नव्याने नोंदल्या की त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर देतात, त्यासाठी कागद जमवणं चालू आहे. वहीची स्वच्छ प्रत काढली आहे, रंगीत पेन्सिलींनी, तपकिरीला तपकिरी आणि निळ्याला निळी. एक झेरॉक्स तुम्हाला पोस्टाने पाठवते आहे. चुकलं असेल तिथे लाल खूण करून ठेवा.

सव्वीस नंबरची चिंधी अजून तशीच आहे. हिरवी वायर, काळी रेघ. तुम्ही म्हणाला होतात ती पेट्रोलच्या काट्याची, टाकीकडे जाते. टाकीकडचं टोक मला सापडलं, पण बझर वाजत नाही, म्हणजे मधे कुठेतरी तुटली आहे. मागच्या सीटखालून जाते तिथे मला संशय आहे. कापलेली नाही. टोकाला टेप लावून ठेवली आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की या, दोघं मिळून बघू. या वेळी फरशीवर सतरंजी घालून ठेवते.

तुमची,
डॉक्टरांची नात