यांगपूच्या गिरणीतून

शांघाय, रविवार रात्र

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू बजावलं होतंस, "तिकडे गिरण्या असतील तर बघून ये." आज शांघायच्या यांगपू भागात जाऊन आलो. हुआंगपू नदीच्या काठाला 17 नंबरची सूतगिरणी आहे, 1921 सालची, जपान्यांनी काढलेली. करवतीच्या दात्यांसारखी छपरं दिसली आणि मी जागीच थांबलो. लालबागच आठवलं रे! आत आता कपड्यांची दुकानं आहेत, कॉफी मिळते. भिंती मात्र नीट जपल्यात. त्याच काठावर 1883 चं पाणीकेंद्र अजून शहराला पाणी पुरवतं. ते चालू आहे म्हणून बरं वाटलं.

आपल्याकडे 1982 चा संप झाला, इथे तसं नव्हतं. गिरण्या सरकारच्याच. यंत्रं जुनी, तोटा वाढलेला, म्हणून सरकारनंच चात्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रातले फिरते दांडे, कमी करायचं ठरवलं. 23 जानेवारी 1998 ला शेनशिनच्या 9 नंबर गिरणीत जुन्या चात्यांवर पहिला घण पडला. शांघायच्या कापडधंद्यात एके काळी साडेपाच लाख माणसं होती, त्यांत बायका खूप. काम गेलेल्याला इथे 'शियागांग' म्हणतात, म्हणजे आपल्या जागेवरून उतरलेला.

1995 साली एका विमान कंपनीनं अशा गिरणीवाल्या अठराजणींना हवाई सेविका म्हणून घेतलं. लोक त्यांना 'खोंगसाओ' म्हणू लागले. साओ म्हणजे वहिनी, आकाशातल्या वहिनी! किती मायेचं नाव. पण विज्या, गोष्ट अठराजणींचीच सांगितली जाते. बाकीच्या लाखभर वहिन्यांनी घर कसं चालवलं, ते मला त्या जपलेल्या भिंतींवर कुठे वाचायला मिळालं नाही, आणि त्याचा मला राग आला.

नदीकाठच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. बरोबरच्या सहकाऱ्यानं मधे बोलून दिलं. सूतखात्यात होत्या, तिन्ही पाळ्या केलेल्या. तुटलेला धागा कसा सांधायचा विचारलं, तर बोलल्याच नाहीत; अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतच झटक्यात गाठ मारून दाखवली. तुझी आई वाइंडिंग खात्यातून आल्यावर आपल्या पतंगाच्या मांज्याला मारायची ना, अगदी तशीच.

काकूंना माझा नमस्कार सांग. ती गाठ त्यांना अजून जमते का, तेवढं विचारून कळव.

तुझा,
सुनील